सान हाविएर देल बाक

सान हाविएर देल बाक : अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ऐतिहासिक स्पॅनिश मिशन चर्च. टूसॉन शहराच्या दक्षिणेस सुमारे १५ किमी. अंतरावर, सोनोरन वाळवंटातील सांता क्रूझ नदीच्या खोऱ्यात, तोहोनो ओओधम या मूलनिवासी समाजाच्या राखीव प्रदेशात ते उभे आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे प्रचारक एउसेबियो किनो १६९२ मध्ये येथील ओओधम वस्तीत आले आणि त्यांनी या ठिकाणाला आपल्याच संघाच्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव दिले. ज्यांचे पार्थिव जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकात आहे आणि ज्यांना गोमंतकीय भाविक ‘गोंयचो सायब’ म्हणतात, तेच हे संत.

स्पेनच्या राजाने १७६७ मध्ये जेझुइटांना हद्दपार केल्यावर येथील कारभार फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाकडे गेला. आजची वास्तू त्यांच्या काळात, १७८३ ते १७९७ या वर्षांत, ओओधम मजुरांच्या श्रमांतून उभी राहिली. मिशनचा इतिहास लिहिताना या हातांची नोंद बहुधा ओझरतीच होते, हे खेदजनक आहे. भाजलेल्या विटांच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा गिलावा असून छतासाठी लाकडी तुळयांऐवजी विटांचेच घुमट रचले आहेत. पूर्वेकडील मनोरा अपुराच राहिला. त्याविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जात असल्या, तरी निधी संपला हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

बाहेरच्या रखरखीत उन्हातून आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, म्हणजे मुख्य वेदीमागील विटा आणि गिलाव्यातून घडवलेली, रंगवलेली व सोनेरी मुलामा दिलेली भव्य मांडणी हळूहळू उलगडत जाते. तिच्या मध्यभागी झेवियर यांची मूर्ती आहे. संगमरवर वाटणारे पृष्ठभाग जवळून पाहिले की ती कुंचल्याची किमया असल्याचे कळते. पश्चिमेकडील उपकक्षात संतांची निजलेली मूर्ती असून नवस करणारे भाविक तिच्या पांघरुणाला हात, पाय, हृदय अशा आकारांचे धातूचे छोटे पत्रे टाचतात आणि श्रद्धेने मूर्तीचे मस्तक किंचित उचलून पाहतात.

विसाव्या शतकात भिंतींना सिमेंटचा गिलावा दिल्याने पाणी आतच कोंडले आणि भित्तिचित्रे खराब होऊ लागली. पुढे तो खरवडून चुना, वाळू आणि निवडुंगाचा चिकट रस यांचा पारंपरिक गिलावा पुन्हा वापरण्यात आला, कारण त्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. १९९२ पासून युरोपीय तज्ज्ञांनी चित्रे व मूर्तींवरील काजळी आणि जुने लेप काढले. ओओधम तरुणांनाही त्यांनी हे काम शिकवले, आणि या जीर्णोद्धाराची सर्वांत मोलाची बाजू हीच म्हणावी लागेल.

हे चर्च १९६० पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित असले, तरी ते संग्रहालय नव्हे. येथे नियमित प्रार्थना होते, लग्ने लागतात, बाप्तिस्मे होतात. प्रार्थना चालू असताना पर्यटकांनी आत फिरणे टाळावे आणि तेवढा वेळ शेजारच्या टेकडीवर जावे. तेथून नदीचे खोरे दृष्टिपथात येते. समोरच्या पटांगणात ओओधम कुटुंबे गव्हाच्या पिठाची तळलेली पोळी गरमागरम विकतात.