कांदा बाजूला काढून भागत नाही

आमटीतल्या कांद्याच्या फोडी वाटीच्या कडेला सारायच्या आणि नुसता रस्सा ओरपायचा. ज्याला कांदा बाधतो त्याला घरात हाच सल्ला मिळतो, आणि रात्री पोट फुगतं ते फुगतंच. कारण फोडीत जे बाधणारं होतं ते शिजतानाच रश्श्यात उतरलेलं असतं.

कांदा, लसूण आणि गहू या तिन्हींत फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. फ्रुक्टोजचे कण माळेसारखे ओवलेले. ही माळ तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, अगदी ठणठणीत माणसाच्याही नाही. त्यामुळं ती न पचता मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. पण ज्यांच्या आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात, म्हणजे डॉक्टर ज्याला इरिटेबल बाउल सिंड्रोम म्हणतात तो ज्यांना आहे, त्यांना तेवढ्याच वायूनं कळा येतात.

अशा पदार्थांची मोट बांधण्याचं काम ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात झालं. पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 साली या सगळ्या आंबणाऱ्या कर्बोदकांना मिळून ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं. फ्रुक्टान त्यातला एक गट. कडधान्यांतले गॅलॅक्टन, दुधातलं लॅक्टोज, आंबा-मधातलं जादा फ्रुक्टोज आणि काही फळांतली सॉर्बिटॉलसारखी अल्कोहोल-साखर हे बाकीचे. त्रास देणारे पदार्थ वीस वाटले, तरी त्यांच्या मागं बहुधा यांतले दोन-तीन गटच असतात. हे कळलं की यादी आटोक्यात येते.

त्याआधी डॉक्टर. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी असणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर स्वयंपाकघरात प्रयोग करत बसू नये. सेलिअ‍ॅक रोगाची (यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते) रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला तर ती फसवी निघू शकते. आणि शेंगदाणा, अंडं किंवा मासा खाऊन अंगावर गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, धाप लागत असेल तर ती अ‍ॅलर्जी. तिथं कणभरही चालत नाही, आणि इथली ‘थोडं चालतं’ ही भाषा तिला लागू नाही. शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी, म्हणजे रक्तातली त्या नावाची प्रतिपिंडं मोजून देणारी पॅकेजं मात्र घेऊ नयेत. ती प्रतिपिंडं तुम्ही काय खाता एवढंच दाखवतात, काय बाधतं ते नाही. त्या पैशात महिनाभराचं तेल येतं.

आता मुद्दा खर्चाचा आणि कष्टाचा. एकासाठी वेगळी भाजी, वेगळी आमटी असं दोन चुलींचं घर फार दिवस टिकत नाही. गॅस जातो आणि करणारीही थकते. टिकते ती पद्धत अशी की भांडं एकच, ते सगळ्यांना चालेल असं शिजवायचं, आधी ज्याला बाधतं त्याचं ताट वाढायचं आणि उरलेल्यावर बाकीच्यांची कांदा-लसणीची फोडणी वरून ओतायची. फरक शेवटच्या पाच मिनिटांचा.

यात बेळगाव-निपाणी-खानापूरच्या घरांत पहिली आडकाठी येते ती चटणीची. इकडं ‘चटणी’ म्हटलं की वर्षाचा कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून बरणीत भरलेला. तो एक चमचा पडला की आमटीत कांदा चिरला नाही, लसूण ठेचली नाही, याला काही अर्थ उरत नाही. वाळलेल्या कांद्यातलं पाणी गेलेलं असतं, फ्रुक्टान तिथंच असतात, तेही दाटून. तेव्हा फाटा फोडायचा तो डंकावर जाण्याआधीच. निम्मा मसाला कांदा-लसणीवाचून करायचा आणि मूळ भांड्यात तोच वापरायचा. अर्धा किलो ब्याडगीला 100 ग्रॅम संकेश्वरी, 250 ग्रॅम धणे, 150 ग्रॅम सुकं खोबरं, 100 ग्रॅम तीळ, 50 ग्रॅम जिरं, थोडी दालचिनी, लवंग, मिरी, दगडफूल; सगळं वेगवेगळं भाजून. ब्याडगी रंग देते, तिखटपणा बेताचा. संकेश्वरी झणझणीत, म्हणून तिचं माप कमी. मिरचीतलं कॅप्सेसिन आतड्यातल्या वेदनेच्या नसांनाच चेतवतं, त्यामुळं फॉडमॅप नसूनही तिखट बाधू शकतं. डंकावर आपल्या आधी कुणाचा लसणीचा मसाला कुटला असेल तर उखळात तो चिकटलेला असतो; सकाळी पहिला नंबर लावावा, नाहीतर घरच्या मिक्सरवर बारीक करावा.

लसणीची चव मात्र घालवायची गरज नाही. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. लसणीचा वास देणारी गंधकाची संयुगं तेलात चांगली उतरतात. चार मोठे चमचे तेल, आठ पाकळ्या. पाकळ्या ठेचायच्या नाहीत, दोन-दोन तुकडे करायचे, म्हणजे बारीक कण मागं राहत नाहीत. तेल कोमट असतानाच लसूण टाकायची, मंद आचेवर चार-पाच मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. मग झाऱ्यानं प्रत्येक तुकडा वेचून काढायचा, आणि तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. काढलेले तुकडे टाकून द्यायचे नाहीत, तेच बाकीच्यांच्या फोडणीत जातात. चूक होते ती दोन ठिकाणी. एक, लसूण तेलात असतानाच टोमॅटो किंवा पाणी घातलं जातं. पाणी आलं की फ्रुक्टान सुटले. दोन, हे तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं जातं. तेलाखाली हवा नसते, आणि लसणीवर मातीतून आलेले बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू असतील तर तिथं विष तयार होऊ शकतं. त्या दिवसाचं त्या दिवशी करावं. कांद्याची उणीव पातीच्या हिरव्या भागानं भरून निघते. खालचा पांढरा गड्डा बाकीच्यांना. हिंगाचा उग्र वासही गंधकाचाच, म्हणून चिमूटभरानं बरंच भागतं. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा डिंक मिसळलेला असतो. फ्रुक्टानच्या हिशोबात तो नगण्य, पण सेलिअ‍ॅक असेल तर डबीवरचं वाचून घ्यावं.

डाळी-कडधान्यांतही पाण्याचाच खेळ. गॅलॅक्टन पाण्यात उतरतात, म्हणून भिजवलेलं पाणी फेकायचं, त्यातच शिजवायचं नाही. पाच माणसांच्या आमटीला 150 ग्रॅम मूगडाळ तीन-चार तास भिजवून, पाणी ओतून, नव्या पाण्यात शिजवावी. माणशी 30 ग्रॅम कोरडी डाळ झाली, एवढी बहुतेकांना सोसते. मटकी आणि हुलगा जास्त कडक. बारा तास भिजवणं, पाणी टाकणं, मग फडक्यात बांधून एक दिवस मोड आणणं. कोंब फुटताना बी आपलं पहिलं इंधन म्हणून हीच साखर वापरतं, त्यामुळं मोड आलेलं कडधान्य पोटाला हलकं. तरीही सुरुवात पाव वाटीनं. हुलग्याचं माडगं मात्र सुरुवातीला नकोच, त्यात पीठ अख्खं जातं, निथळायला काही उरत नाही.

याच नियमानं सणाच्या ताटाचा उलगडा होतो. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून कट निथळून काढतात; डाळीतली बरीचशी गॅलॅक्टन त्या कटात गेलेली असतात. म्हणजे पुरणपोळी ‘जड’ आणि कटाची आमटी ‘पातळ, काय होणार तिनं’ हा समज उलटा आहे. पोळीत गहू असतो हे खरं, पण अर्धी पोळी तुपाबरोबर खाल्ली आणि कटाची आमटी टाळली तर सण निभावून जातो.

गव्हाच्या जागी काय, याचं उत्तर बेळगाव जिल्ह्यात शोधायला लागत नाही. खानापूरकडं भात, अथणी-सौंदत्ती-रामदुर्गाकडं जोंधळा. दोन्हींत फ्रुक्टान कमी. ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं महाग पाकीट फ्रुक्टानच्या त्रासासाठी कुणी घेऊ नये. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका प्रयोगात, ग्लुटेन सोसत नाही असं वाटणाऱ्या 59 जणांना आळीपाळीनं ग्लुटेन, फ्रुक्टान आणि यांतलं काहीच नसलेली वडी न सांगता दिली गेली. जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीनं झाला. म्हणजे अशा पुष्कळांची तक्रार गव्हातल्या प्रथिनाबद्दल नसतेच.

भाताच्या घरात भाकरी जमत नाही म्हणून पुन्हा चपातीवर येतात. जोंधळ्यात ग्लुटेन नाही, त्यामुळं पिठाला बांधणारी असते ती फुगलेली पिठूळ साखर, म्हणजे स्टार्च, आणि तो फुगायला पाणी उकळतं लागतं. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी, चमच्यानं हलवून पाच मिनिटं झाकण, मग तळहाताच्या टाचेनं चार-पाच मिनिटं मळणं. थापताना कडा चिरल्या तर पाणी कमी पडलं किंवा मळणं अपुरं; तव्यावर मोडली तर बहुधा पीठ जुनं. दहा-बारा दिवसांपुरतंच दळून आणावं. सेलिअ‍ॅक असलेल्या घरात गिरणीची काळजी वेगळी. जात्यात आधीचा गहू राहिलेला असतो, आणि आपला पहिला किलोभर घाणा बाजूला काढला तरी पूर्ण खात्री नसते. घरगुती चक्कीच बरी. फ्रुक्टानचा त्रास असणाऱ्यानं इतका विचार करायचं कारण नाही.

दुधाबद्दल लोक फार घाबरतात. दिवसभराच्या दोन कप चहात मिळून 100 मिलिलिटर दूध गेलं तर त्यात लॅक्टोज पाचेक ग्रॅम. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत चालतं. चहा सोडून काही साधत नाही. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं, चक्क्यातलं बरंचसं निवळीबरोबर निघून जातं. कुंदा मात्र जपून. दूध आटवताना पाणी उडतं, लॅक्टोज तिथंच राहून दाट होतं.

सगळं वगळत गेलं की प्रथिनं तुटतात, ही खरी भीती. भारतीय शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 46. तीन भाकऱ्यांत (180 ग्रॅम पीठ) 18, तीस ग्रॅम मूगडाळीत 7, पाऊणशे ग्रॅम तांदळात 6, एका अंड्यात 6, पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांत 6, लहान वाटीभर दह्यात 3. झाले 46. अंडी, मासे आणि कोंबडी यांत फॉडमॅप नाहीतच. सुकट-बोंबील तर कमी पैशात ताट भरून काढतात. लसणीवाचून केलेली शेंगाची चटणी घरात कायम असावी. भाज्यांत वांगं, भेंडी, श्रावण घेवडा, पालक, गाजर, काकडी, बटाटा, फळांत पपई, मोसंबी, पिकलेला पेरू. कच्चा पेरू नको. केळं पिवळं पण घट्ट असावं. काळे ठिपके पडेपर्यंत पिकलं की त्यात फ्रुक्टान वाढलेले असतात.

बाहेर जेवताना विचारायचे दोन कानडी शब्द पाठ असावेत, उळ्ळागड्डी म्हणजे कांदा आणि बळ्ळोळ्ळी म्हणजे लसूण. खानावळीत झुणका आणि उसळ टाळून रोट्टी (जोंधळ्याची भाकरी), भात, दही, काकडी एवढ्यावर भागवावं. एकेक पदार्थ निरुपद्रवी असला तरी एका जेवणात झुणका, उसळ आणि चपाती एकत्र आली की मात्रेची बेरीज होत जाते. ‘काल तेच खाल्लं, काही झालं नाही, आज का?’ याचं उत्तर बहुधा त्या बेरजेत असतं.

ही वगळणूक कायमची नाही, आणि इथंच बहुतेक घरं चुकतात. दोन ते सहा आठवडे, एवढंच. त्यात फरक पडला नाही तर पुढं ताणण्यात अर्थ नाही, दुखणं वेगळं आहे. पडला तर परत आणायला सुरुवात करायची, कारण हीच न पचणारी साखर आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंचं खाद्य आहे आणि ती दीर्घकाळ तोडली की त्यांची संख्या घटते. एका वेळी एकच पदार्थ, बाकी जेवण होतं तसंच. लसूण पहिल्या दिवशी पाव पाकळी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक. मग तीन दिवस थांबायचं. नंतर कांदा, मग चपाती अर्धी, एक, दोन, मग दूध पाव कप, अर्धा, एक. कळ आली की तिथंच थांबायचं आणि तो आकडा लिहून ठेवायचा. दिनदर्शिकेच्या पानामागं जागा असतेच. फ्रुक्टान तिघांत असले तरी तिघांची परीक्षा वेगळी घ्यावी. चपात्या दोन सोसतात आणि लसणीची पाकळी सोसत नाही, असं पुष्कळांचं निघतं. हे सगळं मार्चच्या आत उरकलं, तर डंकावर जाताना बिनलसणीची बरणी किती किलोची हवी, की तिची गरजच उरली नाही, हे आधीच ठरलेलं असतं.