ई-सिगारेट : धूम्रपान सोडताना साधनाची निवड

ई-सिगारेट : निकोटीनयुक्त द्रव विजेवर तापवून त्याची वाफ ओढण्याचे साधन. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे धुराचे दोन मुख्य घातक घटक तयार होत नाहीत. साधनाच्या बाजूने केला जाणारा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच मांडले होते की, माणसे सिगारेट ओढतात ती निकोटीनसाठी, पण मरतात ती डांबराने. प्रस्तुत नोंदीत सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढाने कोणते साधन निवडावे, एवढाच प्रश्न घेतला आहे. तो मुख्यतः ब्रिटनच्या संदर्भात घेतला आहे, कारण तिथल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने ई-सिगारेटला धूम्रपानमुक्तीचे साधन म्हणून उघडपणे जवळ केले. भारतात ही वस्तू कायद्याने बंद आहे. त्याचा विचार शेवटी केला आहे.

उगम : ई-सिगारेट कोणी शोधली, याबाबत एकमत नाही. सर्वांत जुना दावा न्यूयॉर्कच्या जोसेफ रॉबिन्सन यांचा. त्यांनी १९२७ मध्ये विजेवर चालणाऱ्या बाष्पकाच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि १९३० मध्ये त्यांना एकस्व मिळाले. मात्र ते उपकरण औषधी द्रव्यांची वाफ हुंगण्यासाठी कल्पिलेले होते आणि ते बाजारात आल्याचे दिसत नाही. सिगारेटला पर्याय हा हेतू स्पष्टपणे पुढे आला तो पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथील हर्बर्ट गिल्बर्ट यांच्या आराखड्यात. त्यांचा अर्ज १९६३ चा, एकस्व ऑगस्ट १९६५ चे. गरम, ओलसर आणि स्वादयुक्त हवा ओढावी, अशी त्यांची योजना होती. तंबाखू नाही आणि निकोटीनही नाही. त्यांनी नमुने तयार केले, पण उत्पादक मिळाला नाही आणि एकस्वाची मुदत तशीच संपली.

१९८० च्या दशकात टेक्सासमध्ये संगणकतज्ज्ञ फिल रे आणि वैद्य नॉर्मन जेकबसन यांनी ‘फेव्हर’ नावाची बिनधुराची सिगारेट विकायला काढली. तिच्यात वीज नव्हती, उष्णताही नव्हती. नळीतल्या निकोटीनने भिजवलेल्या भागावरून हवा ओढायची, इतकेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८७ मध्ये ती विक्री थांबवली. या साधनाला ई-सिगारेटचा पूर्वज म्हणावे की निकोटीन इन्हेलरचा, याबद्दल अभ्यासकांत दुमत आहे. रचना पाहता दुसरे मत अधिक पटते.

आज वापरात असलेल्या साधनाचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ चीनमधील शेनयांगचे औषधनिर्माते हॉन लिक यांना देतात. ते स्वतः सिगारेटचे व्यसनी होते आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांचे पहिले एकस्व साधारणपणे २००३ चे धरले जाते आणि २००४ च्या सुमारास साधन चिनी बाजारात आले. ज्या कंपनीत हे काम झाले तिने पुढे ‘रुयान’ हे नाव घेतले. एक तांत्रिक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो : हॉन लिक यांच्या मूळ रचनेत द्रव तापत नव्हता, तर श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) कंपनांनी त्याचे तुषार होत. तापणाऱ्या तारेची रचना नंतर रूढ झाली. म्हणजे तत्त्व पाहिले तर आजचे साधन हॉन लिक यांच्या पहिल्या यंत्रापेक्षा रॉबिन्सन आणि गिल्बर्ट यांच्या आराखड्यांना जवळचे आहे. निकोटीनचा द्रव आणि प्रत्यक्ष बाजारपेठ यांचे श्रेय मात्र हॉन लिक यांचेच. २०१३ मध्ये इंपीरियल टोबॅको या सिगारेट कंपनीच्या एका उपकंपनीने ही एकस्वे साडेसात कोटी डॉलरना विकत घेतली. तंबाखू उद्योग या व्यवसायात किती खोल उतरला आहे ते यावरून कळते, आणि आरोग्यक्षेत्रातील पुष्कळांचा अविश्वास इथूनच सुरू होतो.

रचना आणि पिढ्या : बॅटरी, तापणारी तार म्हणजे कॉइल, तिला द्रव पुरवणारी कापसाची वात आणि द्रवाची टाकी किंवा कुपी, हे चार भाग सर्वत्र आढळतात. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असते, स्वाद चांगला वाहून नेते आणि घशाला धुरासारखी चुणचुण देते. ग्लिसरीन दाट असते आणि वाफेचे ढग त्याच्यामुळे दिसतात.

पहिल्या पिढीतील साधने हुबेहूब सिगारेटसारखी दिसत. नव्याने वळणाऱ्याला ती ओळखीची वाटत, पण त्यांतून निकोटीन फारच कमी मिळे. व्हर्जिनियातील टॉमस आयझेनबर्ग यांनी २०१० मध्ये अशी दोन साधने तपासली, तेव्हा वापरणाऱ्यांच्या रक्तातील निकोटीन जेमतेम वाढल्याचे दिसले. दुसरी पिढी पेनच्या आकाराची आणि पुन्हा भरता येणारी. तिसरी म्हणजे ‘मॉड’, मोठी बॅटरी आणि बदलता येणारी शक्ती असलेली. त्यानंतर छोट्या कुपीची ‘पॉड’ साधने आणि वापरून फेकायची साधने आली. फेकाऊ प्रकारावर ब्रिटनने १ जून २०२५ पासून विक्रीबंदी घातली. टाकून दिलेल्या लिथियम बॅटऱ्यांचा कचरा आणि शाळकरी मुलांतील वापर ही त्याची कारणे. नव्याने निवड करणाऱ्यापुढे म्हणून पुन्हा भरता येणारा पॉड किंवा पेन हे दोनच व्यवहार्य पर्याय उरतात.

कॉइलचा रोध आणि शक्ती : निवडीतला खरा तांत्रिक प्रश्न हा आहे. रोध म्हणजे विजेच्या प्रवाहाला तारेकडून होणारा अडथळा; तो ओहममध्ये मोजतात. शक्ती म्हणजे विद्युत्‌दाबाचा वर्ग भागिले रोध. ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर १.२ ओहमची कॉइल सुमारे ११ वॉट घेते. तीच बॅटरी ०.२ ओहमच्या कॉइलला जोडली तर आकडा ६८ वॉटच्या घरात जातो. रोध १ ओहमच्या वर असेल तर वाफ थोडी आणि कोमट येते. ती सिगारेटप्रमाणे आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढता येते. १ ओहमच्या खाली वाफ भरपूर असते आणि ती थेट फुप्फुसात ओढावी लागते. सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली पद्धत पहिली आहे. म्हणून त्याने १ ओहमच्या वरची कॉइल आणि घट्ट ओढ असलेले, म्हणजे झुरक्यासोबत हवा कमी येऊ देणारे साधन घ्यावे. कमी रोधाच्या मोठ्या मॉडमध्ये तीव्र निकोटीन घालून ओढले की ठसका लागतो, आणि ‘हे आपल्याला जमत नाही’ असे म्हणून माणूस पुन्हा सिगारेटकडे वळतो. अशा साधनात द्रवही फार लवकर संपतो.

निकोटीनची तीव्रता : ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमांनुसार द्रवात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. टाकी २ मिलिलिटरपेक्षा आणि भरण्याची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी असता कामा नये. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटीन जाते. दिवसाला वीसच्या आसपास सिगारेट ओढणाऱ्याने मिलिलिटरमागे १८ ते २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी आणि कमी ओढणाऱ्याने १० ते १२ पासून, असा तिथला रूढ सल्ला आहे.

येथे बहुतेक नवखे उलट वागतात. निकोटीन हेच विष समजून ते ३ किंवा ६ मिलिग्रॅमचा द्रव घेतात. तलफ भागत नाही, म्हणून झुरके लांबवतात आणि वाढवतात. लंडन साउथ बँक विद्यापीठातील लिन डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ६ व १८ मिलिग्रॅमची तुलना केली. कमी तीव्रतेचा द्रव वापरणाऱ्यांनी द्रव जास्त खर्च केला आणि त्यांच्या शरीरात फॉर्माल्डिहाइड हे घातक रसायनही अधिक गेल्याची चिन्हे दिसली. कमी निकोटीन म्हणजे कमी धोका, हे समीकरण या साधनाला लागू पडत नाही. निकोटीन व्यसन लावते, गरोदरपणात व किशोरवयात ते घातक ठरू शकते, हे खरेच. पण सिगारेट आधीपासून ओढणाऱ्या प्रौढापुढचा प्रश्न ते कुठल्या मार्गाने घ्यावे हा असतो.

निकोटीनचे रूपही महत्त्वाचे आहे. मुक्त रूपातले निकोटीन अल्कधर्मी असते आणि तीव्रता वाढली की घशाला झोंबते. त्यात बेंझोइक आम्लासारखे सौम्य आम्ल मिसळले की लवण तयार होते आणि तीच तीव्रता मऊ लागते. पॅक्स लॅब्ज या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये याचे एकस्व मिळवले आणि त्याच वर्षी ‘जूल’ ही ई-सिगारेट बाजारात आणली. तिच्या अमेरिकी कुपीत मिलिलिटरमागे सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटीन होते. अमेरिकेतील शाळकरी मुलांना तिचे वेड लागले त्यामागे हा मऊपणा मोठे कारण होता. मात्र ज्या प्रौढाला पहिल्या आठवड्यात तलफ आवरायची आहे, त्याला लहान पॉडमधले २० मिलिग्रॅमचे लवण नेमके उपयोगी पडते. एकच रसायन दोन वयोगटांत असे विरुद्ध परिणाम घडवते; ब्रिटनने तीव्रतेची मर्यादा आणि १८ वर्षांची वयोमर्यादा दोन्ही ठेवल्या, ते योग्यच झाले.

परिणामकारकतेचा पुरावा : ऑकलंडमधील ६५७ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत पहिल्या पिढीचे साधन होते. सहा महिन्यांनी ई-सिगारेट गटात ७.३ टक्के आणि त्वचेवर चिकटवायच्या निकोटीन पट्टीच्या गटात ५.८ टक्के लोक सिगारेटमुक्त राहिले. फरक नगण्य होता. पीटर हायेक यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये आली. तिच्यात पुन्हा भरता येणारे साधन आणि १८ मिलिग्रॅमचा द्रव देण्यात आला, आणि पुढचा द्रव ज्याने त्याने आवडीप्रमाणे निवडावा असे सांगितले गेले. वर्षअखेरीस प्रमाण १८ टक्के, तर पट्टी, गम इत्यादी पर्यायांच्या गटात ९.९ टक्के. दोन्ही चाचण्यांतील कालावधी आणि समुपदेशन वेगळे असल्याने आकडे थेट ताडून पाहणे बरोबर नाही. तरीही साधनाचा दर्जा हे या फरकाचे एक प्रमुख कारण मानायला आधार आहे. त्याच चाचणीत ई-सिगारेटने यशस्वी झालेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ती वापरतच होते. ही बाजू तिच्या पुरस्कर्त्यांनी जितकी ठळकपणे मांडायला हवी तितकी मांडलेली नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्याने निकोटीनयुक्त ई-सिगारेट पट्टी-गमपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचा पुरावा उच्च खात्रीचा ठरवला. २०२३ मध्ये इंग्लंडने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना प्रारंभिक संच मोफत देण्याची योजना जाहीर केली.

हानीची तुलना : ‘धूम्रपानापेक्षा ९५ टक्के कमी हानिकारक’ हे वाक्य पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हाच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१५ च्या अहवालामुळे सर्वतोमुखी झाले. त्याचे मूळ २०१४ मधील एका तज्ज्ञगटाच्या अंदाजात आहे. तो आकडा मोजमापातून आलेला नाही, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने याच कारणासाठी अहवालावर टीका केली. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये, दीर्घकालीन हानी धुराच्या हानीच्या ५ टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी आहे, असे सावधपणे लिहिले. ही मांडणी अधिक स्वीकारार्ह वाटते. जागतिक आरोग्य संघटना मात्र ई-सिगारेटला धूम्रपानमुक्तीचे साधन म्हणून मान्यता देत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये उद्भवलेल्या फुप्फुसविकारात फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यांचा संबंध प्रामुख्याने गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य असलेल्या काळ्या बाजारातील द्रवांतल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी लागला. म्हणून द्रव नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा आणि घरी मिश्रणे करू नयेत. सिगारेट व ई-सिगारेट दोन्ही चालू ठेवल्याने फारसे साधत नाही : दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या अतिरिक्त हृदयविकार-जोखमीपैकी जवळपास निम्मी जोखीम राहते, असे २०१८ च्या एका व्यापक विश्लेषणात दिसून आले.

वापर आणि निगा : नवी कॉइल द्रवात पाच-दहा मिनिटे भिजू द्यावी. कोरडी वात जळाली की कडवट चव येते आणि त्याच क्षणी घातक अल्डिहाइडे वाढतात. झुरका सिगारेटपेक्षा सावकाश घ्यावा. सुटी बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात ठेवू नये.

भारत आणि महाराष्ट्र : १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा व जाहिरात बंद झाली. उत्पादन, आयात, विक्री इत्यादींच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने तिथे कायदेशीर असलेले साधन सुटीत घरी येताना सोबत आणू नये. आयातीवरील बंदी त्यालाही लागू आहे.

ब्रिटनचा हिशेब महाराष्ट्राला जसाच्या तसा लागत नाही, याचे कारण कायद्यापलीकडचे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू खाणारे किंवा लावणारे आढळले. मिश्री, मळलेला तंबाखू, गुटखा आणि मावा यांतून होणारा तोंडाचा कर्करोग वाफेच्या यंत्राने टळणारा नाही. येथील धूम्रपान करणाऱ्याला कायदेशीर मार्ग मोकळे आहेत : औषधाच्या दुकानात विनाचिठ्ठी मिळणारा २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे, आणि १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सहायवाणी. मात्रेबाबत वर सांगितलेले तत्त्व गमलाही लागू होते. दिवसाला दोन-तीन गोळ्या चघळून पुष्कळ जण ‘उपयोग होत नाही’ म्हणतात, तेव्हा बहुधा मात्रा अपुरी पडलेली असते.