स्वस्त माल आणि स्पर्धाक्षम देश: जपानकडे पाहताना होणारी गल्लत

येन घसरला की 'जपानची स्पर्धाक्षमता वाढली' असं हमखास म्हटलं जातं. पण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय जपान कळत नाही.

पहिली गोष्ट चलनाच्या विनिमय दराची. तीस लाख येनची मोटार घ्या. डॉलरला ११० येन असताना ती सुमारे २७,२७० डॉलरना पडते, १५० येन झाले की २०,००० डॉलरना. मोटार तीच, कामगार तेच, यंत्रंही तीच. तिच्यात काडीचीही सुधारणा झालेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माल महागला तरी टिकून राहण्याची ताकद. सप्टेंबर १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं. तेव्हा डॉलरला साधारण २४० येन मिळत, १९८८मध्ये १३०च्या आत. एवढा फटका बसूनही स्वित्झर्लंडच्या आयएमडी या व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेच्या स्पर्धाक्षमता यादीत जपान १९८९ ते १९९२ पहिला होता. कंपन्यांनी खर्च कापले, परदेशात कारखाने काढले. टोयोटाचा केंटकीतला कारखाना १९८८चाच.

आता उलट बाजू. २०२२मध्ये येन १५०च्याही पार घसरला आणि त्याच वर्षी जपानची व्यापारी तूट सुमारे २० लाख कोटी येनवर गेली, तोवरची सर्वांत मोठी. तेल आणि वायू बाहेरून आणावे लागतात, युक्रेन युद्धाने ते महागले होतेच, त्यात पडलेल्या येनची भर. कारखाने आधीच बाहेर गेल्यामुळे निर्यातही दराच्या प्रमाणात वाढत नाही. २०२४च्या आयएमडी यादीत जपान ६७ देशांत ३८वा. (या क्रमवारीत उद्योजकांच्या मतांनाही वजन असतं, म्हणून ती वेदवाक्य मानू नये.)

तरीही खरी ताकद संपलेली नाही. सिलिकॉनच्या चकतीवर चिपची नक्षी उमटवायला फोटोरेझिस्ट नावाचं प्रकाशसंवेदी रसायन लागतं, आणि त्याच्या बाजारावर जपानी कंपन्यांची पकड आहे. जुलै २०१९मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या फोटोरेझिस्टसह तीन पदार्थांच्या निर्यात परवान्यांचे नियम कडक केले. तेव्हा डॉलरला सुमारे १०८ येन होते, म्हणजे २०२४पेक्षा येन कितीतरी महाग. पण कोरियातल्या चिप कंपन्यांची धावपळ उडाली ती किमतीने नाही, माल हाती पडेल की नाही या काळजीने.