मोलेच्या जंगलातून जाणारी कोळशाची वाट

गोव्यात कोळशाची खाण नाही. ज्या पोलाद कारखान्यांसाठी हा कोळसा येतो, तेही गोव्यात नाहीत. तो परदेशातून जहाजांनी मुरगाव बंदरात उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकात, मुख्यतः बल्लारी भागाकडे जातो. वाटेत वास्कोची दाट वस्ती लागते, सासष्टीतली गावं लागतात आणि शेवटी भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान. २०२० साली पेटलेलं मोले वाचवण्याचं आंदोलन समजून घ्यायचं, तर ही सगळी वाट एकत्र पाहावी लागते.

बंदर आणि लोहमार्ग पोर्तुगीज काळातले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. मुक्तीनंतर बंदर जगलं ते लोहखनिजाच्या निर्यातीवर. २०१२ साली बेकायदा उत्खननाच्या प्रकरणात गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि बंदराच्या हिशोबात कोळशाचं महत्त्व वाढलं. पुढे बंदरांच्या विकासाची केंद्र सरकारची सागरमाला योजना आली. २०१६च्या कायद्याने मांडवी, जुवारी, शापोरा, साळ, म्हापसा नदी आणि कुंभारजुवे कालवा राष्ट्रीय जलमार्ग ठरले. उद्या कोळशाचे बार्ज (मालवाहू सपाट बोटी) आपल्या नदीतून जातील, ही मच्छीमारांची भीती तेव्हाची. २०१७मध्ये बंदराच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावण्या झाल्या. घरात बसणाऱ्या काळ्या धुळीबद्दल लोक कित्येक दिवस बोलत राहिले. ‘गोंयांत कोळसो नाका’ (गोव्यात कोळसा नको) ही घोषणा याच काळात गावोगाव पोचली.

मग पाळी जंगलाची. रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि गोव्यात वीज आणण्याच्या तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही वीजवाहिनी, असे तीन प्रकल्प मोलेतून जाणार होते. वीजवाहिनीला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, व्हिडिओ बैठकीतून हिरवा कंदील दाखवला. लोक घराबाहेर पडू शकत नसताना सार्वजनिक जंगलाचा असा निर्णय व्हावा, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. हे जंगल फक्त पट्टेरी वाघाचं किंवा दूधसागरच्या पर्यटकांचं नाही. दूधसागर नदी पुढे खांडेपार होते आणि तिचंच पाणी ओपा इथून फोंडा-पणजीच्या नळांना येतं.

विद्यार्थी, संशोधक, चित्रकार, वकील असे अनेक जण या प्रकल्पांविरुद्ध उतरले. नोव्हेंबर २०२०च्या सुरुवातीला सासष्टीतल्या चांदर इथे दुपदरीकरणाविरुद्ध हजारो माणसं मध्यरात्री रुळांवर जमली. अनेकांवर गुन्हे दाखल झाले.

कोर्टात गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था लढत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१च्या अहवालात दुपदरीकरणाला समर्थनीय कारण दिसत नाही, असं म्हटलं. घाटाचा चढ १:३७ इतका तीव्र आहे. दुसरा रूळ टाकूनही तिथली क्षमता जेमतेमच वाढणार आणि त्यासाठी पश्चिम घाटाचं नाजूक जंगल मोडणार, हा तिचा मुद्दा होता. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द ठरवली. वीजवाहिनीही नवा पट्टा तोडून नको, जुन्या वाहिनीच्या मार्गानेच न्या, असं ठरलं.

विजय मोठा होता, पण मर्यादित. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडायची मुभा रेल्वेला आहे. आणि हा निकाल अभयारण्यातल्या टप्प्यापुरता. किनाऱ्याकडच्या वेळसावसारख्या गावांत, घरांना खेटून जाणाऱ्या दुसऱ्या रुळाविरुद्धचा झगडा त्यानंतरही चालू राहिला.