वडोदरा नगर विकास प्राधिकरण

(वुडा). गुजरातमधील वडोदरा शहर व भोवतालच्या गावांचा विकास आराखडा तयार करणारी आणि तो अमलात आणण्यासाठी जमीन व पैसा उभा करणारी वैधानिक संस्था. गुजराती नाव ‘शहेरी विकास सत्तामंडळ’. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतही ‘वुडा’ हेच चालते. गुजरात नगररचना व नगर विकास अधिनियम, १९७६ नुसार १९७८ मध्ये स्थापना.

असे प्राधिकरण ठराव करून निघत नाही. राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून आधी क्षेत्राच्या हद्दी जाहीर करते आणि मग मंडळ नेमते. त्यात शासननियुक्त अध्यक्ष, स्थानिक संस्थांतील सदस्य, जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष, मुख्य नगररचनाकार किंवा त्यांचा प्रतिनिधी व महापालिका आयुक्त असतात. सदस्य-सचिव हाच मुख्य कार्यकारी अधिकारी. आराखडा तीन वर्षांत करायचा, हरकतींसाठी दोन महिने द्यायचे आणि दर दहा वर्षांनी फेरतपासणी करायची, असा नियम आहे. राखीव जागा दहा वर्षांत संपादन न केल्यास मालक नोटीस देऊ शकतो व पुढे सहा महिन्यांत हालचाल न झाल्यास आरक्षण सुटते. फेरतपासणीमुळे ही मुदत आपोआप वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने भावनगर विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले.

वुडा शहराचा आर्थिक विकासही घडवते का, असा प्रश्न पडेल; पण ‘आर्थिक विकास’ हे शब्द नावात नाहीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन हा नागरी संस्थांचा विषय मानला आहे. प्रत्यक्षात मकरपुरा, नंदेसरी येथील औद्योगिक वसाहती राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे (१९६२) आहेत. संस्थानकाळी सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा (१९०८) उभी राहिली, तेव्हा भांडवल आणि धोरण एकाच दरबाराच्या नजरेखाली होते. आज वुडाच्या हाती खरे भांडवल म्हणजे जमीन, आणि ती मिळवण्याचे साधन म्हणजे नगररचना परियोजना, बोलीभाषेत ‘टीपी’: मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व सोयींपुरती जागा काढून, उरलेल्या जमिनीचे नवे भूखंड त्यांनाच परत वाटण्याची योजना.

टीपीचा उगम वादग्रस्त आहे. वडोदऱ्याच्या संदर्भात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचे नाव प्रथम घेतले जाते, कारण त्यांनी १९१६ मध्ये बडोद्याच्या विकास व विस्तारावर अहवाल दिला होता. परंतु गेडिस यांचा भर जुनी वस्ती न मोडता थोडी थोडी सुधारण्यावर होता. जमिनी एकत्र करून पुन्हा वाटण्याचे गणित त्यांचे नव्हे. दुसरे मत मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ ची पाळेमुळे १९०९ च्या ब्रिटिश कायद्यात शोधते. मात्र त्या कायद्यात भूखंडांच्या फेरवाटणीची सक्ती नाही. ती आढळते फ्रँकफुर्टचे महापौर फ्रांझ आडिकेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९०२ च्या प्रशियन कायद्यात. मुंबई इलाख्यात ही पद्धत रुजवणाऱ्यांत मुंबई सरकारचे सल्लागार सर्वेक्षक ए. ई. मिराम्स यांचा वाटा मोठा होता, आणि जर्मन उगमाचे मत अधिक सयुक्तिक दिसते. वडोदऱ्याला मात्र ही पद्धत उशिरा आली: १९१५ चा कायदा ब्रिटिश मुलखाचा, आणि बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मे १९४९ रोजी.

टीपी साधारणपणे शंभर हेक्टरची धरतात. योजना करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर मूळ अधिनियमानुसार नऊ महिन्यांत मसुदा, एक महिना हरकती, शासनाची मंजुरी, मग नगररचना अधिकाऱ्याकडून प्राथमिक व अंतिम योजना, असा क्रम असतो. कायद्याने क्षेत्राचे १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के उद्याने व मैदानांना, ५ टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना, १० टक्के दुर्बल घटकांच्या घरांना आणि १५ टक्के प्राधिकरणाला विक्रीसाठी काढता येतात. कारणे नोंदवून हे प्रमाण बदलता येते. या विक्रीच्या भूखंडांतूनच गटारे व पाण्याच्या नळांचा खर्च निघावा, अशी कल्पना आहे.

प्रत्येक मालकाला काय द्यायचे आणि त्याच्याकडून काय घ्यायचे, हा हिशेब ‘एफ’ नमुन्याच्या तक्त्यात मांडतात. काल्पनिक उदाहरण घेऊ: मूळ भूखंड १०,००० चौ.मी., दर २,००० रु.; किंमत २ कोटी. ४० टक्के कपातीनंतर अंतिम भूखंड ६,००० चौ.मी.; जुन्या दराने १.२ कोटी. म्हणजे भरपाई ८० लाख. विकसित दर ५,००० धरल्यास किंमत ३ कोटी, वाढ १.८ कोटी. वाढीच्या निम्मे, म्हणजे ९० लाख, मालकाचे अंशदान. वजावट करून मालकाने १० लाख भरायचे.

चुका बहुधा पहिल्या पायरीवर होतात. सातबारावरचे क्षेत्र आणि जागेवरची मोजणी जुळत नाही. मोजणी न करता मसुदा केला, तर अंतिम भूखंडाची बेरीज क्षेत्राबाहेर जाते आणि अधिकाऱ्यापुढे सारे पुन्हा मांडावे लागते. सामायिक खाते असेल तर वाटणी आधी नोंदवून घेणे बरे. नाहीतर चार भावांच्या नावे एकच अंतिम भूखंड निघतो. किमती इराद्याच्या तारखेच्या धरलेल्या असतात, काम मात्र बऱ्याच वर्षांनी होते. म्हणून अंशदान खर्चाला पुरत नाही. ताबा मिळेपर्यंत रस्ते अडकू नयेत म्हणून मसुदा मंजूर होताच रस्त्यांची जमीन प्राधिकरणाकडे जाण्याची तरतूद पुढे दुरुस्तीने केली गेली.

वडोदऱ्याची खास अडचण पाण्याची. विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या ओढ्यांना येथे ‘कांस’ म्हणतात. कांस वळणाचा आणि भूखंड चौकोनी. सरळ रेषांत बसवताना तो अरुंद होतो किंवा रस्त्याखालच्या पाइपात जातो. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदीकाठच्या वस्त्या पुन्हा पाण्यात गेल्या. पातळ्यांची मोजणी मसुद्याआधी करावी लागते: नवा टीपी रस्ता शेजारच्या जुन्या सोसायटीपेक्षा हातभर उंच झाला, की पाणी आधी त्यांच्या तळमजल्यात शिरते.