बीटचा ज्यूस, बीपी आणि जिभेवरचे बॅक्टेरिया

बीटचा ज्यूस प्यायला की बीपी उतरतं हे व्हॉट्सॲपवर सगळ्यांनीच वाचलेलं असतं आणि या बाबतीत त्यात खरंच तथ्य आहे, पण ते उतरतं कसं हे कुणी सांगत नाही, आणि मला तर तोच भाग सगळ्यात भारी वाटतो.

बीट, पालक, मुळा या भाज्या मातीतलं नायट्रेट ओढून साठवतात. आपण खाल्लं की ते पोटातून रक्तात जातं, पण नुसत्या नायट्रेटचं आपलं शरीर फारसं काही करू शकत नाही. मग लाळेच्या ग्रंथी रक्तातलं साधारण पाव हिस्सा नायट्रेट खेचून परत तोंडात आणतात, तिथे जिभेच्या मागच्या बाजूला राहणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, आपण ते लाळेबरोबर गिळतो आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. हा वायू रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतो, वाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो. त्याचं हे काम शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

बॅक्टेरियांचं हे काम लंडनमध्ये २००८ साली फार सुंदर दाखवलं गेलं. निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा ज्यूस दिला तर अडीच-तीन तासांत वरचं बीपी १० च्या आसपास उतरलं. मग ज्यूस पाजून लाळ गिळू दिली नाही, सारखी थुंकायला लावली, तर रक्तात नायट्राइट वाढलं नाही आणि बीपीही उतरलं नाही! ज्यूस तोच, फक्त लाळ पोटात गेली नाही.

माऊथवॉशचंही तसंच. क्लोरहेक्सिडिन म्हणजे तोंडातले बॅक्टेरिया मारणारं औषध, ते असलेल्या माऊथवॉशने आठवडाभर गुळण्या केल्यावर निरोगी लोकांचं बीपी २ ते ३.५ ने वाढलं. तेव्हा डेंटिस्टने सांगितलं नसेल तर असला माऊथवॉश रोज वापरायचं कारण नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बीपीच्या पेशंट्सवरची ट्रायल लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीत झाली, २०१५ साली छापून आली. निम्म्यांना रोज २५० मिली ज्यूस, बाकीच्यांना तोच ज्यूस पण नायट्रेट काढून टाकलेला, म्हणजे कुणाला काय मिळतंय ते कळायला नको. चार आठवड्यांत नायट्रेटवाल्यांचं वरचं बीपी जवळपास ८ ने उतरलं, ज्यूस बंद केल्यावर दोन आठवड्यांत परत होतं तिथे. टाइप २ डायबेटिसवाल्यांच्या एका छोट्या ट्रायलमध्ये मात्र फरकच पडला नाही, त्यामुळे ज्यूसच्या भरवशावर गोळी बंद करू नका, प्लीज.

कोशिंबिरीसाठी बीट पाण्यात उकडून ते लाल पाणी आपण ओतून देतो ना, त्यात बरंच नायट्रेट निघून जातं, कच्चं किसलेलं किंवा वाफवलेलं बरं. लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो बीटचा रंग. पण बीटमध्ये पोटॅशियम आणि ऑक्सलेट भरपूर असतं, म्हणून किडनीचा आजार किंवा मुतखडा असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावा.