बरोक ल्यूट टॅब्लेचरमधील चिन्हांचे वाचन

ल्यूट हे छेडून वाजवायचे युरोपीय तंतुवाद्य आणि टॅब्लेचर ही त्याची लेखनपद्धती. बरोक काळात, म्हणजे सुमारे १६०० ते १७५० मध्ये, युरोपात लिहिलेल्या ल्यूट टॅब्लेचरमध्ये अक्षरांच्या आजूबाजूला टिंबे, स्वल्पविराम, फुल्या, कमानी, तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. त्यांचा अर्थ लावण्याचे काम वादक, संपादक आणि हस्तलिखितांचे अभ्यासक करतात. टॅब्लेचर स्वराचे नाव सांगत नाही. बोट कुठे ठेवायचे, एवढेच ते सांगते. त्यामुळे अक्षरे वाचणे तासाभरात जमते, पण चिन्हांशी वर्षानुवर्षे झगडावे लागते.

फ्रेंच पद्धतीत सहा रेघा असतात आणि सर्वांत वरची रेघ सर्वांत उंच तारेची असते. ए म्हणजे खुली तार, बी म्हणजे पहिला पडदा (तार दाबण्यासाठी दांडीवर केलेली आडवी खूण), सी म्हणजे दुसरा. पुढे याच क्रमाने, मात्र जे हे अक्षर गाळतात. इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे असतात आणि सर्वांत उंच तार सर्वांत खाली लिहितात. चिन्हांच्या मागे लागण्याआधी आपण कोणती लिपी वाचतो आहोत हे ठरवावे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच ल्यूटला तारांच्या ११ जोड्या असत (वरच्या दोन तारा एकेरीच) आणि अठराव्या शतकातील जर्मन ल्यूटला १३. वरच्या सहा जोड्यांची मिळवणी उंचाकडून खाली एफ, डी, ए, एफ, डी, ए अशी असते (ही स्वरांची नावे आहेत, टॅब्लेचरची अक्षरे नव्हेत). लयीची चिन्हे रेघांच्या वर असतात. ती दोन आघातांमधले अंतर सांगतात, सूर किती काळ धरायचा ते सांगत नाहीत.

नवख्याला पहिली अडचण खर्जाच्या तारांपाशी येते. सातवी जोडी सहा रेघांच्या खाली नुसत्या ए अक्षराने दाखवतात. आठवीला ए-आधी एक तिरपी रेघ, नववीला दोन, दहावीला तीन. अकरावीला चार रेघा काढण्याऐवजी ४ हा आकडा लिहितात, बारावीला ५ आणि तेरावीला ६. म्हणजे हा आकडा तारेचा क्रमांक नसून न काढलेल्या रेघांची संख्या आहे. हाच ४ रेघांच्या मध्ये एखाद्या अक्षराला चिकटून आला, तर तो बहुधा डाव्या हाताच्या करंगळीचा असतो. आकड्याचा अर्थ जागेवरून ठरतो. खर्जाच्या तारा रागाच्या षड्जाप्रमाणे नव्हे, पण तुकड्याच्या स्वरपट्टीप्रमाणे आधीच मिळवून ठेवतात: डी मेजरमध्ये आठवी जोडी एफ शार्प (एफपेक्षा अर्धा स्वर उंच) आणि अकरावी सी शार्प. टॅब्लेचरमध्ये हे शार्प कुठेच दिसत नाहीत. मिळवणी चुकली की अक्षरे अचूक वाचूनही सूर चुकीचे लागतात.

टिंबाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. अक्षराखाली एक टिंब म्हणजे उजव्या हाताची तर्जनी, दोन टिंबे म्हणजे मधले बोट, छोटी उभी रेघ म्हणजे अंगठा. पण ल्यूटवादक थॉमस मेस याच्या १६७६ सालच्या इंग्रजी ग्रंथात अक्षराच्या आधी आलेले टिंब कंपित अलंकार सुचवते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये: भातखंडे लिपीत स्वरावरचे टिंब तार सप्तक दाखवते, तर पलुस्कर लिपीत तेच टिंब मंद्र सप्तक. लिपिकार कोण, हे आधी पाहावे लागते.

रेघांमध्येही असाच फरक आहे. खर्जाचे अक्षर आणि वरचे अक्षर यांना जोडणारी उभी रेघ दोन्ही एकत्र छेडायला सांगते. अक्षरांमधून गेलेली तिरपी रेघ ते सूर एकामागून एक, सुटे वाजवायला सांगते. एखाद्या अक्षरापासून पुढे लांबवर ओढलेली रेघ डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलण्याची सूचना असते. दोन अक्षरांखालील कमान म्हणजे फक्त पहिला आघात उजव्या हाताने, दुसरा सूर डाव्या हाताच्या बोटाने. संगीतकार काप्सबर्गरच्या १६०४ सालच्या इटालियन संग्रहात दोन टिंबांमधली तिरपी रेघ दिसते. ती भागाकाराची खूण नसून सूरसमूह विस्कटून वाजवण्याची आहे.

अलंकारांत स्वल्पविराम सर्वांत जास्त आढळतो. अक्षरानंतर आलेला स्वल्पविराम किंवा छोटा कंस सहसा वरच्या सुरावरून मूळ सुरावर येणे सुचवतो. हा कणस्वरासारखा एकच स्पर्श आहे की लांबलेला कंप, ते सुराची लांबी आणि लय पाहून वादक ठरवतो. वरचा सूर अर्ध्या अंतराचा की पूर्ण, हेही चिन्ह सांगत नाही. तिसऱ्या खुल्या तारेवर (ए स्वर) स्वल्पविराम असेल, तर डी मायनरमध्ये बोट पहिल्या पडद्यावर पडते आणि जी मेजरमध्ये दुसऱ्यावर. फुली कुठे खालच्या सुराला झटका देऊन परत येण्यासाठी असते, कुठे आणखी कशासाठी. नागमोडी रेघ बहुधा आंदोलनाची (दाबलेले बोट हलवून सूर थरथरवण्याची) असते.

अर्थ अनिश्चित असेल तेव्हा वाद्यच उत्तम साक्षीदार. खुल्या तारेवर आंदोलन देता येत नाही, कारण दाबायला बोटच नसते. म्हणून एखादे चिन्ह ए अक्षरांवर वारंवार येत असेल, तर ते आंदोलनाचे नाही. खुल्या तारेच्या खालचा सूर त्याच तारेवर मिळत नाही: दुसऱ्या खुल्या तारेखालचा सी शार्प हवा असेल, तर तिसऱ्या जोडीच्या चौथ्या पडद्यावर (अक्षर ई) जावे लागते. म्हणून अशा जागी वरून येणाऱ्या अलंकाराची शक्यता जास्त. ग्रंथाच्या सुरुवातीला चिन्हांचा तक्ता असेल तर आधी तोच वाचावा. नसेल तर एका चिन्हाची सगळी ठिकाणे वहीत उतरवावीत: कोणते अक्षर, चिन्ह कोणत्या बाजूला, सूर लांब की आखूड. मग तोच तुकडा दुसऱ्या हस्तलिखितात असेल तर ताडून पाहावा. मात्र एका नकलनविसाचा तक्ता दुसऱ्याच्या पानाला लावू नये. ल्यूटवादक-रचनाकार सिल्वियस लिओपोल्ड वाइस (१६८७–१७५०) याच्या रचनांचे लंडन आणि ड्रेस्डेन येथील मोठे संग्रह शेजारी ठेवले, की एकाच तुकड्यात अलंकार कुठे आहेत नि कुठे नाहीत हे लगेच कळते.

काही चिन्हे चिन्हेच नसतात. पानाच्या मागच्या बाजूची शाई उमटून टिंबे तयार होतात. ती उलट बाजूच्या पानाशी ताडली की ओळखू येतात. सी हे अक्षर अनेकदा आर-सारखे लिहीत, म्हणजे त्याची ई-शी गल्लत होत नाही. आजचा वाचक मात्र त्याला वेगळे चिन्ह समजतो. बांधणी करताना पानाची खालची कड कापली गेली असेल, तर आधी खर्जाच्या ओळीलाच झळ बसते. अशा वेळी उरलेल्या अक्षरांवरून सुरांची जुळणी तपासून हरवलेला खर्ज भरून काढावा लागतो, आणि तो संपादकाचा आहे हे छापताना कंसात दाखवावे.